हनोई तोंडपाठ असलेले गावंडे सर

आमचे शेजारी गावंडे सर भाजी आणायला निघाले की पाठीवर साठ लिटरची सॅक घेतात. सॅकमध्ये जुने पेपर आणि दोन विटा. मेथीची जुडी हातातल्या पिशवीत. "पाठीले सवय पायजे, वानखडे," म्हणतात. अमरावतीतल्या आमच्या कॉलनीची कुत्री सगळ्यांना ओळखतात, सरांवर मात्र अजून भुंकतात. मला कुत्र्यांचं पटतं.

गणित शिकवून निवृत्त झालेला, बायको गेलेली, मुलगा पुण्यात, असा माणूस गुडघ्याला पट्टा बांधून परदेशात सॅक घेऊन कशाला फिरतो, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. उत्तराला दोन तास लागले असते.

टूरबरोबर जाणाऱ्यांना ते मेंढरं म्हणतात. अकोल्याचे माझे साडू युरोप पाहून आले आणि हौसेनं फोटो दाखवायला बसले. सर म्हणाले, "बसच्या खिडकीतून पाह्यलं ना तुमी? बाळापूरची एसटी बी तेवढंच दाखवते." साडू त्यानंतर आमच्याकडे फिरकले नाहीत. सरांचा माझ्यावर तेवढाच एक उपकार.

त्यांचं लाडकं शहर व्हिएतनाममधलं हनोई. तीनदा जाऊन आलेले. "हनोई मले तोंडपाठ आहे," हे वाक्य त्यांनी लग्नात, तेरवीत आणि बँकेच्या रांगेतही ऐकवलंय. मी निवृत्त झालो, घरात करमेना, आणि एका बेसावध क्षणी त्यांच्यासोबत जायला हो म्हणून बसलो.

आधी दहा दिवस लाओसमध्ये फिरलो. मी चाकांची बॅग आणली होती, म्हणून सर रस्त्यात माझ्यापासून वीस पावलं लांब चालायचे. काही बिघडलं की म्हणायचे, "हनोई येऊ द्या, मंग पाहा."

हनोई आलं. बसमधून उतरल्या उतरल्या सर चालायला लागले. "नकाशा नवख्याले लागते." दीड तासात आम्ही एकच तळं तीनदा पाहिलं. शेवटी गल्ली सापडली, तर त्यांच्या नेहमीच्या हॉटेलच्या जागी चष्म्याचं दुकान. सर दुकानदाराकडे असे पाहत राहिले, जणू त्यानंच उदाहरण चुकवलं.

"यायनं गल्ली सरकवली," ते म्हणाले.

"गल्ली कशी सरकवतील, सर?"

"तुमाले मालूम नाही. लय फास्ट काम आहे यायचं."

मी मोबाइलवर दुसरं हॉटेल शोधायला लागलो, तेवढ्यात कोणीतरी टाळी वाजवली. फुटपाथवर चहाची किटली घेऊन बसलेली एक म्हातारी सरांकडे पाहून हसत होती. तिनं प्लास्टिकचं बुटकं स्टूल हातानं पुसलं आणि पुढे सरकवलं. सर सॅक उतरवून बसले. न मागता चहा आला.

आणि सर बोलायला लागले. चक्क वऱ्हाडीत.

"गुडघा आता बरा आहे, बाई. यंदा ऊन लय तापलं आमच्याकडे."

म्हातारी शेंगा सोलत मान हलवत होती. मध्येच आपल्या भाषेत काही म्हणायची. सर "हो ना" म्हणून पुढे जायचे. मला हसू आवरेना. हा किस्सा कॉलनीत कसा रंगवून सांगायचा, ते मी मनात जुळवायलाही लागलो.

"दिवाळीले पोराकडे गेलो होतो, पुण्याले," सर म्हणाले. "नात म्हणे, आबा, माझ्या मैत्रिणी आल्या की तुम्ही बोलू नका, त्या हसतात. लेकरू आहे, तिचं काय. पन मंग मी बोललोच नाही. आठ दिवस. सूनबाईले वाटलं, घसा बसला. काढा करून देल्ला तिनं. पेलो."

म्हातारीचे हात थांबले. तिनं त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि अर्धा पेला पुन्हा भरला.

भिंतीला भिंत लागून राहतो आम्ही, आणि मला यातलं काही माहीत नव्हतं. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "सर, तिले समजते का काही?"

"काईच नाही समजत," सर म्हणाले. "पन ते बाई मधातून उठून जात नाही."

मी तिथून निघायच्याच बेतात होतो. मोबाइल खिशात ठेवला आणि दुसरं स्टूल ओढून बसलो.

"मंग, काढ्यानं फरक पडला का?"

"पडला ना," सर म्हणाले. "आपल्या बडनेऱ्याले गाडीतून उतरलो, आन् घसा मोकळा झाला."