बाबांची खुर्ची आणि सरांचं तंत्र

सर, तुम्ही चोर आहात! आणि मी तुमचा बिनपगारी हमाल. नाव घेत नाही. लघुपट-स्पर्धेच्या मंचावर परीक्षकांच्या मधोमध कोण बसतं, ते सगळ्यांना ठाऊक आहे. वाचकहो, तुम्ही फक्त साक्षीला बसा.

स्पर्धेआधीच्या कार्यशाळेत या सरांनी छाती ठोकून सांगितलं, "कथा शोधायला बाहेर कशाला जाता? ती घरातच असते. घरातलं एक माणूस निवडा. त्याची सगळ्यात लाडकी वस्तू काढून घ्या आणि गप्प बसून बघा. मध्ये पडू नका! तिथेच तुमची अस्सल कथा!"

बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या. मी मूर्ख, घरी जाऊन करून बघितलं!

मी कुठल्या शाळेत सिनेमा शिकलो नाही. दिवसभर झेरॉक्स मशीनपुढे उभं राहून दुसऱ्यांच्या कागदांच्या नकला काढतो. म्हटलं, जन्मात एक तरी मूळ प्रत आपल्या हातून निघू दे. बक्षीस तर खिशातच होतं म्हणा ना!

माणूस निवडायला वेळ लागला नाही. बाबा! वस्तूही समोरच. बाबांची सलूनची खुर्ची. हात थरथरायला लागला तेव्हा त्यांनी सलून बंद केलं, आरसे दिले, कात्र्या दिल्या, पण खुर्ची घरी आणली. लोखंडी बूड, डोकं टेकवायला उशी आणि वजन गाभण म्हशीएवढं! आमच्या टीचभर पुढच्या खोलीत ती अशी ठाण मांडून होती, जसं काही घर तिचं आणि आम्ही पोटभाडेकरू. जन्मभर जिच्या मागे उभे राहिले, तिच्यात बाबा आता बसायचे. कोणी आलं की पायाने जमीन ढकलून गर्रकन त्याच्याकडे वळायचे. थाट काय तो!

बाबा फिरायला गेले, बायको कामावर गेली, तसं मी कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्या दोस्ताला बोलावलं. उचलताना आमच्या पाठी जुन्या दरवाजांसारख्या कुरकुरल्या.

"ठेवू कुठे हिला?"

"तुझ्या दुकानापुढेच, आत जागा कुठे आहे? दोन दिवस. पण बाबा रोज तिथूनच जातात. त्यांना ओळखू येता कामा नये, काय?"

"ते माझ्यावर सोड!"

सोडलं! हीच ती चूक.

बाबा परत आले. मी पडद्याआड मोबाईल रोखून उभा. आता ओरडतील, घर डोक्यावर घेतील! बाबांनी रिकाम्या जागेकडे पाहिलं. फरशीवर खुर्चीचा गोल डाग राहिला होता. त्यांनी आतून ओलं फडकं आणलं आणि डाग पुसायला बसले. बस्स! ना संवाद, ना संघर्ष. मला रागच आला. असं कुठे पात्र असतं का?

संध्याकाळी बायको आली. एक सांगायचं राहिलं. या खुर्चीपायी कपाटाचं दार पूर्ण उघडत नाही, असं ती आदल्याच आठवड्यात म्हणाली होती. मला म्हणाली होती, पण आमच्या घरात कुजबुजसुद्धा भिंतीपल्याड जाते.

"सूनबाई, कपाट आता नीट उघडतं हो," बाबा म्हणाले.

बायको पांढरीफटक! "बाबा, माझं बोलणं इतकं मनाला लावून घेतलंत?"

"छे छे! अडगळच होती ती."

पाहा! यांना वाटतंय तिने काढली, तिला वाटतंय यांनी काढली, आणि दोघंही एकमेकांना माफ करायच्या घाईत!

बायकोने रडत माझ्या बहिणीला फोन केला. बहीण तोफेच्या गोळ्यासारखी दारात.

"वहिनी, आज खुर्ची अडचणीची झाली. उद्या बाबा अडचणीचे झाले की त्यांनाही काढणार का?"

"अहो ताई, शपथ घेते, मी फक्त कपाटाबद्दल बोलले! हवं तर कपाट फेकते!"

"दादा, तू बोल ना काहीतरी!"

मी कसा बोलणार? मध्ये पडायचं नाही, सरांचा हुकूम! खिशातून अर्धा डोकावणारा मोबाईल सगळं टिपत होता. सोनं होतं, सर, सोनं!

तिसऱ्या दिवशीही बायको धड जेवली नाही. बाबा स्टुलावर बसून पेपर वाचत होते. कोणी हाक मारली की जुन्या सवयीने पाय जमिनीला रेटायचे. स्टूल कुठलं वळतंय! तेव्हा मी मोबाईल बंद केला. धावत पंक्चरवाल्याकडे गेलो.

"खुर्ची दे माझी!"

"ही काय समोर!"

समोर पिवळंजर्द काहीतरी उभं होतं. हात कापलेले, उशी गायब, बसायच्या जागी टायर.

"अरे मेल्या, काय केलंस हे!"

"तूच म्हणालास, ओळखू येता कामा नये! फिरली असती तर कळलं असतं, म्हणून खाली वेल्डिंगसुद्धा मारलं. काल काका स्वतः तिच्यावर बसून चपलेचा पट्टा लावून गेले. ओळखली नाही!"

ती तशीच घरी आणली, बहिणीलाही बोलावलं आणि सगळं सांगून टाकलं. स्पर्धा, सर, पडदा, सगळं. बहीण चप्पल शोधायला लागली, पायात घालायला नव्हे! बायकोने कपाटातले कपडे काढून दोरीवर टाकले. ते जास्त लागलं.

बाबांनी खुर्चीच्या पाठीवरून हात फिरवला. "कालच ओळखली मी. जन्मभर मागेच उभा होतो ना, पाठीवरून कळते. म्हटलं, तूच दिली असशील. विचारून तुला कशाला अवघडवायचं?" मग म्हणाले, "गोष्ट मिळाली का?"

"मिळाली."

"मग पाठव. वाया कशाला घालवतोस?" आणि स्टुलावर जाऊन बसले.

पाठवली. निर्लज्ज आहे मी! सर, तुमचा अभिप्राय आला, "तंत्र जमलंय. पण वडील खोटे वाटतात. असा बाप नसतो. पुढच्या वेळी पात्राकडून याहून मोठं काहीतरी काढून घ्या."

याहून मोठं?

वेल्डिंग कापून घेतलं, सर. खुर्ची अर्धी वळते आणि करकरून अडकते. बाबा तिच्याकडे बघत नाहीत. कपाट आता सताड उघडतं, पण बायको त्याला हात लावत नाही. घरातले कपडे दोरीवर. काढून कसं घ्यायचं ते तुम्ही टाळ्या घेत शिकवलंत. परत कसं द्यायचं, ते कुठल्या दिवशी शिकवता? सांगा! मी झेरॉक्स मशीन बंद करून येतो.