दोन व्याही आणि काळी बियर

चिंतामणी प्रधान यांच्या अपूर्वाचं लग्न लालबागच्या अनिश परबशी ठरलं होतं. ते कुठे करायचं एवढंच ठरत नव्हतं. चिंतामणींना दादरचा हॉल हवा होता, कारण त्यांचं स्वतःचं लग्न तिथेच झालं होतं. अनिशचे वडील राजाराम परब यांना कुडाळजवळच्या गावी, घरापुढच्या खळ्यात मांडव हवा होता, कारण परबांच्या घरातलं लग्न आजवर दुसरीकडे झालं नव्हतं. मुलांना रजिस्टर लग्न करायचं होतं, पण त्यांना कोणी विचारत नव्हतं. बैठका झाल्या. प्रत्येक बैठकीत पोहे संपले, वाद संपला नाही.

शेवटी अनिशने सुचवलं की एकदा घराबाहेर भेटू. लोअर परळला जुन्या गिरणीच्या आवारात एक जागा होती, तिथे बियर तिथल्या तिथे बनत असे. त्याच्या डोक्यात हे यायला चिंतामणीच कारणीभूत होते. आपण काही जुन्या वळणाचे सासरे नाही हे दाखवायला ते पहिल्याच भेटीत म्हणून गेले होते, "बियर वगैरे आम्हीही पुष्कळ पाहिली आहे." पाहिली होती हे खरंच होतं. प्यायली मात्र एकदाच, ऑफिसच्या सहलीत, लिंबू सरबत घालून, आणि त्यानंतर सहलीचं त्यांना फारसं काही बघता आलं नव्हतं.

"झेपणार आहे का?" त्यांच्या पत्नी सरोजिनीबाईंनी शर्टाला इस्त्री करता करता विचारलं.

"अगं, बियर म्हणजे बार्लीचं पाणी. मूतखड्यावर डॉक्टर स्वतः देतात."

रविवारी दुपारी, खास भूक राखून, चिंतामणी अपूर्वाबरोबर तिथे पोचले. परब अनिशबरोबर आधीच येऊन बसले होते. कडक पांढरा शर्ट, हाताची घडी, चेहऱ्यावर रेषा हलत नाही. या माणसाने आयुष्यभर बियरच प्यायलेली दिसतेय, असं वाटून चिंतामणींनीही हाताची घडी घातली.

ग्लास आले ते एवढेसे. आत आटवलेल्या काढ्यासारखं काळंभोर काहीतरी आणि वर कॉफीच्या रंगाचा फेस. अनिशने समजावून सांगितलं की हिला इम्पीरियल स्टाऊट म्हणतात, ज्या लाकडी पिंपात आधी व्हिस्की होती त्यात ही वर्षभर मुरवलेली आहे, नेहमीच्या बियरच्या दुपटीहून जास्त कडक आहे, तेव्हा घोट घोट घ्यायची. त्याचं बोलणं संपायच्या आत परबांनी ग्लास उचलला आणि एरंडेल घ्यावं तसा एका दमात रिकामा केला. मुलीकडची बाजू कमी पडू नये म्हणून चिंतामणींनीही तेच केलं.

आधी काकवी लागली, मग करपलेली कॉफी, मग जुन्या कपाटाचा वास, आणि शेवटी दोन्ही कान आतून शेकून निघाले.

"कशी वाटली, काका?"

"लाकूड जाणवतंय," चिंतामणी गंभीरपणे म्हणाले. अनिशच्या भाषणातला तेवढाच शब्द त्यांच्या लक्षात राहिला होता. "सागवान."

परबांनी पहिल्यांदा तोंड उघडलं. "साग न्हय. फणस. आमच्या घराचे खांब फणसाचे आसत. वास माका कळता."

ते ओक असतं, असं अनिश म्हणाला, पण त्याच्याकडे कोणी लक्ष दिलं नाही. निकाल लागावा म्हणून दुसरा ग्लास मागवला, आणि तोही अपुरा पडला म्हणून तिसरा. अपूर्वाने मागवलेले बटाट्याचे काप तसेच गार झाले. यानंतरचं चिंतामणींना तुकड्या-तुकड्याने आठवत होतं: आपण परबांना 'राजा' म्हणतोय, आणि दोघं वाकून टेबलाच्या पायाचा वास घेतोय.

दुसऱ्या दिवशी डोकं ठणकत होतं, पण खरी धास्ती वेगळीच होती. आपण काल कुडाळला हो तर म्हणून बसलो नाही ना? सरोजिनीबाईंना एवढंच ठाऊक होतं की ते घरी हसत आले होते. शेवटी चिंतामणींनी अंदाज घ्यायला परबांना फोन लावला.

"काल छान चर्चा झाली."

"व्हय. बरी झाली."

"मग, ठरलं तसंच ना?"

परब खाकरले. "तुमी म्हणशात तसा."

"छे छे, तुम्ही म्हणालात तसंच."

परब एवढे नरमले म्हणजे कुडाळ नक्की, अशी चिंतामणींची खात्री झाली. संध्याकाळी अपूर्वाने चहा आणून दिला आणि शेजारी बसली. "थँक्यू, बाबा. काल तुम्ही दोघांनी हातात हात घेऊन सांगितलंत ना, रजिस्टर करा आणि नंतर एक जेवण द्या, अनिशला तर भरूनच आलं."

"विचार करूनच बोललो," चिंतामणी म्हणाले. कुडाळ टळलं याचाच त्यांना एवढा आनंद झाला की दादर गेल्याचं दुःख करायचं राहून गेलं. पुढचे काही दिवस त्यांनी सोसायटीत, मंडईत आणि न्हाव्याकडे लग्नातल्या उधळपट्टीवर भाषणं दिली. लोक ऐकून घ्यायचे, माना डोलवायचे. आपण एवढे पुरोगामी आहोत हे त्यांना स्वतःलाही नवीनच होतं.

आणि एका सकाळी, टॉवेल घ्यायला गॅलरीकडे जाताना, त्यांच्या कानावर अपूर्वाचं फोनवरचं बोलणं पडलं. "अगं, ते कसले ठरवतायत? शेवटपर्यंत सागवान का फणस, एवढंच चाललं होतं. लग्नाचा विषयच निघाला नाही. बाकीचं आम्हीच ठोकून दिलं."

चिंतामणी तसेच मागे फिरले आणि त्यांनी बेडरूमचं दार लावून परबांना फोन केला.

"परबसाहेब, मुलांनी आपल्याला चक्क फसवलंय."

"माका दुसऱ्याच दिवशी कळला. अनिशच्या आवशीन, माझ्या बायलेन सांगल्यान."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"तवसर गावात सगळ्यांका फोन करून बसललंय, निर्णय माझो म्हणान. लोक आता माका मोठो माणूस समाजतत." परबांनी आवाज खाली आणला. "तुमी कोणाक सांगलात?"

"सोसायटीत. ते माझा सत्कार करायचं म्हणतायत."

"मगे गप ऱ्हवा," परब म्हणाले.

चिंतामणींनी फोन ठेवला, आरशात पाहून शालीसाठी खांदे जरा ताठ केले आणि बाहेर जाऊन मुलीला आशीर्वाद दिला.