टिल्लू आजींचा रविवारचा जॅझ

आमच्या स्नेहलतागंजच्या बिल्डिंगमध्ये गणपतीच्या आरतीला टिल्लू आजींना मागच्या रांगेत उभं करतात. कारण त्या टाळी भलत्याच जागी वाजवतात, आणि तेही मुद्दाम. सगळ्यांची टाळी पहिल्या-तिसऱ्या मात्रेवर, आजींची दुसऱ्या-चौथ्या. दोन कडव्यांत अर्धी बिल्डिंग त्यांच्या बाजूला घसरते आणि सेक्रेटरी आगाशे आरती सावरता सावरता घामाघूम होतात.

"अरे यार आजी, सीधी टाळी वाजवा ना!" ते ओरडतात.

"सीधी तर सगळेच वाजवतात," आजी म्हणतात.

आजी भूगोलाच्या निवृत्त शिक्षिका. रविवारी सकाळी बिल्डिंगमधली आठ-दहा पोरं त्यांच्याकडे जॅझ शिकायला जातात. पोहे-जिलेबी मिळते, म्हणून जास्तच नियमाने जातात. माझी अन्वी त्यातलीच. वाद्यं म्हणजे दोन थाळ्या, एक पिंप, एक माउथ ऑर्गन आणि चिन्मयचा बिगुल.

सुरुवात नकाशापासून. "ही आफ्रिका. इथून माणसं साखळीनं बांधून जहाजात कोंबली. ही अमेरिका. इथे शेतात राबवली. घर, नाव, भाषा, सगळं काढून घेतलं. ताल काढता येईना, तो हातापायांत होता. मग न्यू ऑर्लिन्स नावाच्या बंदरात त्यांच्या नातवंडांनी बँडचे बिगुल उचलले आणि त्यात तो ताल भरला. हा आपला जॅझ!"

"आजी, चुकलं तर?"

"तीच चूक परत वाजव. लोकांना वाटेल, मुद्दाम केली."

हा सल्ला अन्वीनं गणिताच्या पेपरात वापरला. मला शाळेत बोलावणं आलं.

एका रविवारी गल्लीतला म्हातारा कुत्रा भुऱ्या मेला. पोरं रडत आजींकडे गेली. न्यू ऑर्लिन्समध्ये माणूस गेला की बँड त्याला संथ वाजवत पोचवतो आणि परतताना नाचत येतो, हे आजींनी त्यांना शिकवलं होतं. अर्ध्या तासात मिरवणूक निघाली. हातगाडीवर चादरीत भुऱ्या, मागे चिन्मयचा बिगुल, पाय ओढत चालणारी पोरं आणि शेवटी आजी. मागच्या मैदानात त्याला पुरलं. मग आजींनी हात वर केला.

थाळ्या, पिंप, बिगुल, सगळं एकदम सुटलं. कोपऱ्यावरचा पोहेवाला झारा घेऊनच नाचात शिरला. "भिया, शादी किसकी है?"

आगाशे गॅलरीतून ओरडले, "अहो, मेलेल्या कुत्र्याची वरात काढता?"

"जाताना रडलो, आगाशे! आता घरी येतोय!" आजी गिरकी घेत म्हणाल्या.

दुपारी अन्वीची राहिलेली थाळी आणायला गेलो. दार उघडंच होतं. जॅझच्या रेकॉर्डींनी भरलेल्या कपाटाशेजारी आजी खुर्चीत बसल्या होत्या. पायांत अजून बूट, बुटांना मैदानातली माती.

"दमलात का?"

"नाही रे." मग बुटांकडे बघत म्हणाल्या, "ह्यांना नेलं तेव्हा मला दारातच थांबवलं. बायका स्मशानात येत नाहीत म्हणाले. ह्या सगळ्या रेकॉर्डी त्यांच्याच. चौदा वर्षं झाली."

मी अन्वीची थाळी उचलली.

"पोचवलं की माणूस परत फिरतो. मी गेलेच नव्हते, तर परत कशी येणार? आज आले."

त्या वाकून बुटाची नाडी सोडू लागल्या. गाठ बसली होती. मी खाली बसलो आणि दोन्ही बूट काढून दिले.