सहावा चंबू

सासरे प्रयोगशाळेत आले ते सुनेचा घरी राहिलेला चष्मा द्यायला. "बसा बाबा, पाच मिनिटांत येते," म्हणत तिने चष्मा डोळ्यांवर चढवला आणि सरांच्या खोलीकडे धावली. दुपारी तपासनीस बाई येणार होत्या. प्रकल्प चालू ठेवायचा की गुंडाळायचा, हे त्यांच्या हातात होतं.

प्रकल्प होता नकली साखरेचा. मूत्राशयात शिरलेले जंतू पेशींवरच्या साखरेला घट्ट धरून बसतात. तिने घडवलेला रेणू दिसायला अगदी त्या साखरेसारखा. जंतूंनी फसून त्यालाच मिठी मारायची आणि लघवीबरोबर वाहून जायचं, असा बेत. कागदावर सगळं झकास! पण रेणूची ठेवण पडताळायला त्याचे स्फटिक हवे होते, आणि अकरा महिने तो पदार्थ सहा चंबूंत मधासारखा चिकट बसून तिचा अंत पाहत होता. हवेतला ओलावासुद्धा लागू नये म्हणून ती त्याला तान्ह्या बाळासारखी जपायची.

पाच मिनिटांची चाळीस झाली. ती परतली तर बाबा बाह्या सरसावून बेसिनपाशी उभे! जन्मभर शिवणयंत्र चालवलेल्या माणसाला रिकामं बसवेना. शेजारी पाच चंबू लखलखत पालथे पडले होते.

"बाबा, हे काय केलंत?"

"भांडी साचली होती गं, घासून टाकली. पण हा सहावा भलताच चिवट निघाला. घोटभर पाणी घालून ठेवला, चमच्याने खरवडला, तर मेली तळाला साखरच जमली!"

अकरा महिने गटारात गेले होते. आणि नेमक्या त्याच वेळी, अर्धा तास आधीच, सर तपासनीस बाईंना घेऊन दारात हजर.

"साखर जमली? बघू," म्हणत बाईंनी चंबू उजेडात धरला. तळाशी सुईसारखे बारीक स्फटिक चमचमत होते. सरांनी आ वासला तो मिटेचना.

पाच वाजता यंत्राने कौल दिला. रेणू तिने आखला होता तस्साच होता, फक्त प्रत्येकाने पाण्याच्या एकेका रेणूचा हात धरलेला. पाण्याशिवाय तो जमायलाच तयार नव्हता, आणि तिने तर पाण्याला दारातही उभं केलं नव्हतं! ती तिथेच, सगळ्यांसमोर, टुणकन उडी मारून हसली.

"कोणतं पाणी वापरलंत? शुद्ध केलेलं?" बाईंनी लिहायला पेन काढलं.

"नळाचं," बाबा म्हणाले.

बाईंनी तसंच लिहिलं आणि खाली सही ठोकली. प्रकल्पाला आणखी दोन वर्षं मिळाली.

रात्री जेवणं उरकली. नवऱ्याने बेसिनमधल्या ढिगाकडे बोट दाखवलं. "बाबा, तुम्ही म्हणे आज भांडी घासलीत? मग एवढी..."

बाबांनी खुर्चीत पाय पसरले.

"छे रे! आम्ही फक्त संशोधनाची घासतो."