मौजे दिंद्रुड येथील मोटारखाना काबीज केल्याची हकीकत

श्रीवैद्यनाथ प्रसन्न. शके अठराशे सत्तेचाळीस, मार्गशीर्ष मास, अंमल हजरत निजाम सरकारचा. ते समयी राजमान्य राजश्री सुंदरराव देशमुख यांणी मोटारखाना बांधिला, गमाविला आणि पुन्हा काबीज केला, हे वर्तमान खुशामत टाकून यथास्थित लिहिले असे.

सुंदररावसाहेबांनी हैदराबादेहून मोटार आणिली. दिवे पितळी, भोंगा ऐसा की एक वेळ वाजता पाणवठा ओस पडे. परंतु वाड्यात फिर्यादी, पाहुणे आणि भाऊबंद यांची वर्दळ लई, आणि मोटारीकडे घटकाभर एकट्याने पाहत बसावे म्हटले तर जागा नाही. साहेबांचे जिवास हीच तळमळ लागली. सबब परसात खास मोटारखाना उभारिला. धूळ हा मोटारीचा जानी दुश्मन, म्हणोन खिडकी एकही ठेविली नाही, आणि फटी चुन्याने बुजविल्या, आणि दारास दुहेरी रजई लाविली, मग मोटारीसमोर गादी, लोड, पानदान मांडून स्वारी बैसली. वैकुंठ ते हेच, ऐसे वाटले. फक्त तेथे पेट्रोलचा वास नसावा.

ऐशात सिरसाळ्याहून कन्या वत्सलाबाई पहिल्या बाळंतपणास माहेरी दाखल जाहली. थंडी कडाक्याची. सौभाग्यवती तुळजाबाईसाहेबांनी वाड्याची कुल दालने पाहिली, सर्वत्र वारा. मग मोटारखाना पाहिला, आणि फर्मान सुटले की बाळंतिणीची खोली हीच. साहेबांनी अर्ज केला की ही जागा मोटारीची. जबाब आला, "लोखंडाला वारं लागू न्हाई म्हनून एवढ्या भिंती घातल्या, मंग पोरीला कावून लागू द्यायचं? का तुमच्या मोटारीलाबी कळा येनार हायत?"

तरी साहेबांनी तह बोलून पाहिला की मोटार एका कोनात आणि बाज दुसऱ्या कोनात असो. तेव्हा मोटार हाकणारा हरिबा अदबीने पुढे होऊन बोलला, "मालक, बाजंखाली शेगडी आन् मोटारीच्या पोटात पेट्रोल. दोनी हितं ऱ्हायले, तर आपुन कुनीच ऱ्हात न्हाई."

मग मोटार गोणपाट पांघरून लिंबाखाली उभी राहिली. यथाकाळी नात जाहली. तोफेऐवजी भोंगा वाजवावा हा साहेबांचा मनसुबा सुइणीने डोळे वटारून मोडिला. आणि सव्वा महिना पुरुषांस मज्जाव असल्याने साहेब आपल्याच मोटारखान्याचे दारी उभे राहून नुसते खोकत, आणि आतून "कोन हाय बे तिकडं?" ऐसे विचारिले जाई.

सव्वा महिना सरला, शेगडी विझली. साहेबांनी जागा खाली करण्याचा तगादा लाविला. परंतु नात वाड्यात निजेना. पावलांची चाहूल लागताच किंकाळी फोडी. तुळजाबाईसाहेब म्हणाल्या, "आज्यावर गेलीया. मान्सं दिसली की हिचं डोकं उठतं."

अखेर तह ठरला. पाळणा तुळईस कायम. हरिबाने पेट्रोल काढून मोटार ढकलत आत आणावी. साहेबांनी आत बसावे, मात्र हुक्का नाही, भोंगा नाही, आणि नात निजेतो दोरी ओढावी. साहेबांनी सर्व कलमे कबूल केली, आणि मोटारीत चढून एक हात चक्रावर, दुसऱ्या हाती पाळण्याची दोरी, ऐसे विराजमान जाहले. इतक्यात भाऊबंद बांधाचा तंटा घेऊन आले आणि हाका मारू लागले, तो तुळजाबाईसाहेबांनी खुद्द दारी उभे राहून, हाती लाटणे घेऊन, तमाम फौज वेशीपर्यंत हटविली.

येणेप्रमाणे मोटारखाना फत्ते होऊन साहेबांचे अंमलाखाली आला. आत परवानगीवाचून कोणी शिरत नाही, खुद्द साहेबही नाहीत. शिक्कामोर्तब जाहले. नात आताच निजली आहे, सबब वाचणाराने हळू वाचावे.