उलटी धरलेली कॉर्ड

मर्देवाडीत माणूस शेवटच्या घटकेला आला, की लांबची मुलंबाळं पोचेपर्यंत त्याला गिटारवर धरून ठेवतात.

हे काम बस्त्याव घोन्साल्विसचं. तो जी सेव्हन सस फोर नावाची कॉर्ड, एकदम छेडायच्या सुरांची जुडी, धरी. तिच्यात एक सूर आपल्या जागेच्या वर अडकून राहतो. दुसऱ्या तारेवरचं बोट उचलून त्याला उतरवेपर्यंत माणूस जात नाही. कॉर्ड मात्र उलटी धरायची, म्हणजे मूळ सूर तळाशी येऊ द्यायचा नाही. तो तळाशी आला की कॉर्ड बूड टेकते आणि कारभार आटोपतो. एका नवशिक्यानं अशीच स्वतःची आत्या घालवली होती.

या खेपेला खाटेवर बस्त्यावची बायको आपोलीन होती.

वाडीचा नियम सरळ होता. कुणी यायचं राहिलं असेल तोवरच धरायचं. कुवेतहून मुलगा आला, नाशिकहून नणंद आली. मग बोलणं टाकलेल्या चुलतभावाला बस्त्यावनं निरोप धाडला. तोही आला, रडला, जेवून गेला. मग त्यांच्या लग्नातला फोटोग्राफर आला.

चर्चच्या गायनवृंदाचे प्रमुख सायमन मास्तर दारात उभे राहिले. "बस्त्याव, आता कोण राहिलं?"

"कौलं घालणारा दुमिंग."

"तो वारला की रे. तूच धरला होतास."

"मग त्याचा मुलगा येईल."

मास्तरांनी विचार केला. नियमात बसत होतं. दुमिंगचा मुलगा आला आणि चहा पिऊन गेला.

बस्त्यावला जेवतानाही डावा हात सोडता येत नव्हता. तो उजव्या हातानं भात खाई, तेवढा वेळ आपोलीन पडल्यापडल्या तारा छेडी. तिचा हात तालात इतका पक्का आहे हे त्याला आत्ता कळत होतं, आणि त्याचं त्याला फार वाईट वाटलं.

"आता कोण यायचंय?" तिनं विचारलं.

"आठवतोय."

"बोट सोललंय तुमचं."

"बरं होईल."

"मी दमले हो."

फार ताणलं की माणूस शिणतो, असं लोकांच्या घरी तोच सांगत असे.

"तू गेलीस तर मी काय करू?"

"आधी जेवून घ्या."

त्यानं ताट संपवलं. मग आपोलीननं दुसऱ्या तारेवरचं त्याचं बोट हलकेच उचललं, बाकीची तशीच राहू दिली, आणि तारा स्वतः छेडल्या. आवाज विरेपर्यंत बस्त्याव उष्ट्या हातानं बसून राहिला.