परवाना आणि जांभूळ

देवस्थळीकाका दार उघडतात आणि हात पुढे करतात. नवखा माणूस खूश होऊन हातात हात द्यायला जातो. काका तो हात बाजूला सारतात आणि म्हणतात, "परवाना?"

म्हणजे मद्यसेवनाचा परवाना. महाराष्ट्रात दारू प्यायची तर सरकारी परवाना लागतो, हे आपण सगळ्यांनी कुठेतरी ऐकलेलं असतं आणि सोयीने विसरलेलं असतं. काका विसरलेले नाहीत. मुलुंडच्या आमच्या सोसायटीत, तिसऱ्या मजल्यावर, अगदी माझ्या समोरच्या घरात, ते स्वतःच्या हाताने फळांचं वोडका कॉकटेल करतात, आग्रहाने पाजतात, आणि ज्याच्याकडे परवाना नाही त्याला ताक देऊन परत पाठवतात. आमचे सेक्रेटरी कामत दोनदा ताक पिऊन गेले. तिसऱ्या खेपेला मुकाट्याने परवाना काढून आले.

मीही काढला. माझ्या कागदपत्रांत सध्या तेवढी एकच गोष्ट वेळेवर नूतनीकरण केलेली आहे.

काकांनी स्वतः तोवर आयुष्यात थेंब घेतलेला नव्हता. तरी त्यांचा परवाना आजीवन आहे. लॅमिनेट करून शोकेसमध्ये ठेवलाय, निवृत्तीच्या दिवशी मिळालेल्या घड्याळाशेजारी. "तुम्ही पीत नाही, मग कशाला?" असं मी विचारलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे अत्यंत दयेने पाहिलं. "घरात बाटली आहे ना? मग नियमात बसायला नको?"

काका वजनमापे खात्यात निरीक्षक होते. तेहेतीस वर्षं दुकानादुकानांतले तराजू तपासले. माणूस निवृत्त झाला, निरीक्षक अजून कामावर आहे. ते पिशवी घेऊन खाली उतरले की नाक्यावरचा भाजीवाला तराजू पुसायला लागतो. वोडकासाठी त्यांनी बाजारातून पेगचं माप आणलं, घरी येऊन काचेच्या नळीत पाणी ओतून तपासलं. तीस मिलिचं माप अठ्ठावीसच भरत होतं. एखाद्याने हसून सोडून दिलं असतं. काका ते माप, ती नळी आणि लेखी तक्रार घेऊन दुकानात गेले. दुकानदाराने म्हणे नवीन माप दिलं, वर चहा पाजला, आणि पुन्हा येऊ नका अशी हात जोडून विनंती केली.

हा सगळा उद्योग सुरू झाला जानेवारीत. "मेच्या शेवटी पाहुणे येणार आहेत," काका म्हणाले. "तोवर हे जमलं पाहिजे." त्यांनी मोबाइलवर एक फोटो दाखवला. उंच ग्लास, आत गडद जांभळं काहीतरी, वर पुदिन्याचं पान. "हे असं. याच रंगाचं. बेरी-वोडका म्हणतात." एवढं बोलून ते रजिस्टर आखायला बसले. रकाने असे: बॅच क्रमांक, फळ, गोडी, आंबटपणा, रंग, दहापैकी गुण, परीक्षकाची सही. परीक्षक अर्थात मी आणि कामत. चव घ्यायला काकांना जीभ होती, पण ती त्यांनी सत्तर वर्षं कोरडी ठेवली होती.

फोटोतल्या पेयाला लागणारी फळं मुलुंडात मिळत नव्हती. मग पहिले प्रयोग बोरांवर झाले. बोराचा गर वोडकात विरघळत नाही. तो तळाशी जाऊन बसतो आणि चमच्याने खावा लागतो. मी चार गुण दिले. "का?" काकांनी विचारलं. म्हटलं, "काका, ही दारूतली चटणी आहे." त्यांनी शेरा शब्दशः लिहून घेतला आणि माझी सही घेतली.

फेब्रुवारीत स्ट्रॉबेरी झाली. चव बरी, पण रंग गुलाबी. काकांनी फोटो शेजारी धरून बॅच नापास केली. मग तुती. मग एप्रिलच्या शेवटी करवंदं आली, आणि आमची वाट लागली. काकांनी घाईत थोडी कच्चीही वाटली, त्यांचा चीक उतरला, आणि कामतांचे ओठ एकमेकांना असे चिकटले की त्या संध्याकाळची सोसायटीची मीटिंग अकरा मिनिटांत संपली. सभासदांनी काकांना त्या बॅचची कृती मागितली.

मी पाण्याच्या टाकीच्या दुरुस्तीकडे बघतो तशा मालतीकाकू या प्रकाराकडे बघायच्या. होईल तेव्हा होईल. "सत्यनारायणाला बाटल्या आत ठेवा म्हणजे झालं," एवढंच त्यांचं म्हणणं. एकदा मी स्वयंपाकघरात ग्लास ठेवायला गेलो तर त्या एकतारी पाक करत उभ्या होत्या. पाक त्यांचाच असायचा. मी थट्टेत म्हटलं, "काकू, पाहुणा कोण एवढा मोठा? मंत्री येतोय का?"

"अनघा येतेय रे," त्या म्हणाल्या.

अनघा त्यांची एकुलती एक मुलगी. आम्ही इथे राहायला यायच्या आधीच बंगळुरूला गेलेली. मी तिला फक्त भिंतीवरच्या फोटोत पाहिलं होतं.

काकूंनी गॅस बारीक केला आणि सांगितलं. सहा वर्षांपूर्वीची रविवारची दुपार. अनघा मैत्रिणींबरोबर जेवून घरी आली. पायांवर नीट उभी, बोलणं नीट, फक्त जीभ जांभळी. काका म्हणाले, "जीभ दाखव." तिला वाटलं बाबा गंमत करताहेत. लहानपणी जांभळं खाल्ली की दोघं आरशासमोर उभं राहून कोणाची जास्त जांभळी ते बघायची. तिने हसत दाखवली. "जांभळं खाल्लीस?" "नाही बाबा, बेरी-वोडका. एकच ग्लास." आणि काकांनी विचारलं, "परवाना आहे?"

"ओरडले असते तर परवडलं असतं," काकू म्हणाल्या. "हे नियम वाचून दाखवायला लागले. पंचवीस पूर्ण नाहीत, चोवीस वर्षं दहा महिने आहेत, तुला परवाना मिळूच शकत नाही. आणि विनापरवाना माणूस माझ्या घरात चालणार नाही, म्हणाले. स्वतःच्या मुलीला. ती चप्पलसुद्धा न काढता परत गेली. तेव्हापासून फोन येतो तो मला. यांना नाही." पाक एकतारीच्या पुढे गेला होता. काकूंनी तो ओतून दिला आणि दुसरा चढवला.

"मग हे कॉकटेल?"

"माफी मागता येत नाही ना त्यांना. म्हणून हे."

त्या दिवसापासून मी शेरे जपून द्यायला लागलो. मेच्या तिसऱ्या आठवड्यात बाजारात जांभळं आली. काकांनी एकेक हातात घेऊन पारखली, गर काढला, दोनदा गाळला. लिंबू, पाक, चिमूटभर काळं मीठ, कुटलेला बर्फ, वोडका तीस मिलि, डोळे मापाच्या रेषेच्या समोर आणून. बॅच तेविसावी. मी एक घोट घेतला आणि बायकोची शपथ, झकास होतं. रंग फोटोतलाच. मी दहापैकी दहा दिले. कामतांनी नऊ दिले, कारण दहा दिले तर त्यांना पुन्हा बोलावणार नाहीत असं त्यांना वाटलं. घरी गेलो तर बायको म्हणाली, "आ कर." माझी जीभ बघून तिने चार दिवस माझ्याशी बोलणं टाकलं. फुकटचं पिऊन येणाऱ्या परीक्षकाला घरात किंमत नसते.

शेवटच्या रविवारी दुपारी चार वाजता काकूंनी मला बोलावून घेतलं. "तू बस इथे. कुणी तिऱ्हाईत असलं की यांना बोलायला येतं." अनघा सोफ्याच्या कडेला बसली होती, पर्स मांडीवर, केव्हाही उठता यावं अशी. तिशीतली, चष्मा काकांसारखाच. काकूंचं चालू होतं, प्रवास कसा झाला, विमान वेळेवर होतं का. स्वयंपाकघरातून बर्फ कुटल्याचा आवाज येत होता. तो बराच वेळ येत राहिला. एवढा बर्फ कुणालाच लागत नाही.

मग काका ट्रे घेऊन आले. चार ग्लास, चारांवर पुदिना. सवयीने मी खिशातून परवाना काढून पुढे केला. त्यांनी पाहिलाही नाही. ते अनघासमोर उभे राहिले. तिने ग्लासाकडे पाहिलं, आणि तिला सगळं कळलं असावं, कारण तिचा चेहरा एकदम कडक झाला.

"माझ्याकडे परवाना नाहीये, बाबा."

 फ्रिजमध्ये ताक होतं, हे मला माहीत होतं.

"मी मागितला का?" काका म्हणाले.

त्यांनी ट्रे आणखी पुढे केला. बर्फ काचेवर वाजत होता. तिने ग्लास उचलला आणि घोट घेतला. काकांनी गुण विचारले नाहीत. ते समोरच्या खुर्चीत बसले, चौथा ग्लास उचलला आणि औषध घ्यावं तसा एका दमात निम्मा संपवला. काकूंच्या हातातली बशी खाली पडायची राहिली.

"अहो, तुमच्या ग्लासात वोडका नाहीये ना?"

"तीस मिलि. मोजून." ठसका आवरून ते अनघाकडे वळले. नजर मात्र ग्लासावरच होती. "तेव्हा माझं माप चुकलं, अनू. सहा वर्षं कळतंय मला. सांगता येत नव्हतं."

अनघाने पर्स मांडीवरून खाली ठेवली. चष्मा काढून ओढणीने पुसला, पुन्हा लावला.

"बाबा," ती म्हणाली, "जीभ दाखवा."

आणि तेहेतीस वर्षं भल्याभल्या दुकानदारांना घाम फोडणाऱ्या त्या निरीक्षकाने तोंड उघडून, डोळे मिटून, मुलीसमोर लांब जांभळी जीभ काढली. तिनेही काढली. कोणाची जास्त जांभळी, हे बघायला दोघं आतल्या खोलीत आरशासमोर गेली.

मी परवाना खिशात ठेवला आणि उठलो. काकू पदराने डोळे टिपत होत्या, मला थांब म्हणायचं त्यांच्या लक्षात आलं नाही. माझा ग्लास अजून अर्धा भरलेला होता. तो तसाच ठेवून मी समोरच्या दारातून माझ्या घरी आलो.